काँगोचा जुना फोटो फॉरवर्ड करायच्या आधी कसा तपासायचा

तो फोटो तुम्हालाही एकदा तरी आला असेल. ओट्यावर एक माणूस बसलाय, समोर छोटंसं काहीतरी ठेवलंय, तो नुसता बघतोय, आणि खाली ओळ, 'रबर कमी आणलं म्हणून मुलीचा हात तोडला'. असे फोटो कसे तपासायचे ते यावरच दाखवतो.

आधी कॅप्शन झाका, खरंच अंगठा ठेवा त्यावर. मग रिव्हर्स सर्च मारून (म्हणजे फोटो टाकूनच तोच फोटो इंटरनेटवर शोधून) सगळ्यात जुनी, न कापलेली कॉपी शोधा, क्रॉपमध्ये मागची माणसं उडालेली असतात.

मग कॅमेरा कोणाच्या हातात होता ते बघा. हा काढला ॲलिस सीली हॅरिस या ब्रिटिश मिशनरी बाईने, मे 1904, काँगोतल्या बारिंगा इथल्या मिशनवर. माणसाचं नाव न्साला, त्याच्या गावाचं नाव 'वाला', मुलगी बोआली, जेमतेम पाच वर्षांची. रबर कंपनीच्या पहारेकऱ्यांनी गावावर हल्ला करून तिला मारलं, आईलाही मारलं, आणि उरलेला एक हात आणि एक पाऊल घेऊन बाप मिशनवर आला. म्हणजे कॅप्शन अर्धवट आहे, नुसता हात तोडला नव्हता. कंपनी होती अँग्लो-बेल्जियन इंडिया रबर, शॉर्टमध्ये अबीर (आपल्या अबीर-बुक्क्याशी संबंध नाही आणि इंडियाशीही नाही, रबरालाच तेव्हा इंडिया रबर म्हणायचे).

बाईंनी त्याला तसं बसवून फोटो घेतला, मग काही जण म्हणतात पोज दिलेला आहे म्हणजे फेक. नाही हो, मांडणी त्यांची, घटना खरी, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. तुटलेल्या हातांच्या इतर फोटोंत पांढरं कापड दिसतं तेही मुद्दाम, हात उठून दिसावा म्हणून, कारण हे फोटो पुढे स्लाइड करून इंग्लंड-अमेरिकेतल्या सभांत पडद्यावर दाखवायचे होते. आणि हात का तोडायचे? शिपायाला प्रत्येक काडतुसाचा हिशोब द्यावा लागायचा, एक गोळी एक हात, मग गोळी शिकारीत घालवली की जिवंत माणसाचा हात.

तारीख बघाच. 1885 ते 1908 काँगो बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या खाजगी मालकीचा, त्यानंतर बेल्जियम सरकारचा. 1908 मध्येच लिओपोल्डने आपल्या कारभाराची कागदपत्रं जाळून टाकली, त्यामुळे अशा फोटोंची किंमत फार आहे. साखळदंडातल्या माणसांचा फोटो असेल तर जास्त सावध राहा. 'अरब गुलाम व्यापारी' एवढं लिहून हात झटकणारे बरेच. लिओपोल्डने गुलामगिरी बंद करायला आलो असं जगाला सांगितलं, आणि 1887 मध्ये टिप्पू टिप या झांझिबारच्या गुलाम व्यापाऱ्यालाच काँगोतल्या स्टॅन्ली फॉल्स भागाचा गव्हर्नर केलं! शिवाय नवरे रबर आणेपर्यंत बायकांना ओलीस ठेवायचे, तेव्हा साखळी कोणाच्या हुकमाने घातली हे विचाराच.

आणि फोटोग्राफर गोराच असेल हेही धरून चालू नका. काँगोतल्या बोमा शहरात लागोसचा (आजच्या नायजेरियातला) हर्झेकाया शानू फोटो काढायचा, आधी सरकारी नोकरीत होता, नंतर त्यानेच अत्याचारांची माहिती बाहेर पोचवली, ते उघड झालं आणि 1905 मध्ये त्याने आत्महत्या केली.

एवढं करूनही शेअर करायचाच असेल तर चित्र नंतर, आधी न्साला, बोआली, वाला, 1904 हे लिहा, आणि फॅमिली ग्रुपवर लहान मुलं असतात, तिथे नुसतं हेच पुरतं.