उजेडही तोलून घ्या: प्रकाशाने जागं होणारं कर्करोगाचं औषध पेशींवर कसं तपासावं

फोटोडायनॅमिक थेरपीत औषधाने अंधारात निपचित पडून राहावं आणि ठरावीक रंगाचा प्रकाश पडला की तेवढ्याच जागेतल्या पेशी माराव्यात, अशी अपेक्षा असते. प्रकाश शोषलेला रेणू ट्रिप्लेट या जास्त टिकणाऱ्या उत्तेजित अवस्थेत जातो आणि आपली ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देतो. त्यातून होणारा सिंग्लेट ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजनचं अतिक्रियाशील रूप, पाण्यात जेमतेम ३.५ मायक्रोसेकंद टिकतो, त्यामुळे जिथे जन्मतो तिथेच घाव घालतो. औषध, प्रकाश, ऑक्सिजन, तिन्ही हवेत. प्रयोगवहीत मात्र औषधाचं वजन मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत असतं, प्रकाशापुढे 'लाल एलईडी, दहा मिनिटं' एवढंच लिहिलेलं असतं आणि ऑक्सिजनचा पत्ताच नसतो. एका खोलीतला निकाल दुसऱ्या खोलीत जुळत नाही, तो बहुतेक वेळा इथेच फसलेला असतो.

आधी वर्णपट, पेशी नंतर

स्टॉक, म्हणजे मूळ घट्ट द्रावण, १० मिलिमोलर, डीएमएसओ या द्रावकात. रेणुभार ८०० असेल तर १ मिलिलिटरला ८ मिलिग्रॅम. तपकिरी कुपीत लहान लहान भाग करून उणे २० अंशांवर ठेवा. डीएमएसओ हवेतलं पाणी ओढून घेतो, म्हणून एकच कुपी रोज उघडू नका. धातूचं संयुग असेल आणि त्यावरचा एखादा लिगंड, म्हणजे धातूला जोडलेला गट, सहज सुटणारा असेल, तर डीएमएसओ वापरण्याआधी थांबा. सिसप्लॅटिन डीएमएसओत ठेवलं की डीएमएसओच प्लॅटिनमला जाऊन चिकटतो आणि औषध मरतं. तोच धोका काही रुथेनियम संयुगांनाही असतो.

आता १ ते २० मायक्रोमोलरपर्यंत पाच-सहा द्रावणं करा: एक संच डीएमएसओत आणि एक सिरम घातलेल्या मीडियात, म्हणजे पेशींना प्रत्यक्षात जे मिळणार त्यात. दोन्हींचे वर्णपट, म्हणजे कोणत्या तरंगलांबीला किती प्रकाश शोषला जातो त्याचे आलेख, घ्या. द्रावणाची तीव्रता दुप्पट केल्यावर शोषण दुप्पट होत नसेल, पट्टा रुंद, बसका झाला असेल, तर रेणू एकमेकांना चिकटलेत. फ्थॅलोसायनिनं, म्हणजे निळ्या-हिरव्या रंगद्रव्यांचा एक गट, यात बदनाम आहेत. झिंक फ्थॅलोसायनिनचा डीएमएसओतला पट्टा ६७० नॅनोमीटरच्या आसपास सुईसारखा उभा असतो. पाण्यात तो ढासळतो आणि अलीकडे ६३० च्या बाजूला टेकाड उठतं. चिकटलेले रेणू घेतलेला प्रकाश उष्णतेत घालवतात, ऑक्सिजनपर्यंत काही पोचत नाही. हेच वर्णपट २४ तासांनी पुन्हा घ्या. सकाळी स्वच्छ दिसणारं द्रावण संध्याकाळी तळाशी बसलेलं सापडतं.

कोणत्या तरंगलांबीवर शोषण किती, हे याच टप्प्यावर ठरवून टाका. फोटोफ्रिन हे याच जातीचं औषध ६३० नॅनोमीटरला वापरतात, पण तिथे त्याचा शोषण-गुणांक (ठरावीक तीव्रतेला किती प्रकाश शोषला जातो त्याचं माप) ३,००० च्या घरात आहे. चांगल्या फ्थॅलोसायनिनचा लाखावर जातो. बाकीच्या औषधांत टेमोपोर्फिन ६५२ नॅनोमीटरला, व्हर्टेपोर्फिन ६९० ला, पॅडेलिपोर्फिन ७५३ ला. सगळी धाव लालच्या पलीकडे, कारण रक्तातलं हिमोग्लोबिन तिथे कमी आडवं येतं. तरी जितकं लाल तितकं उत्तम, असा सरधोपट नियम करू नये. मूत्राशयाच्या कर्करोगासाठी रुग्णांवर चाचणीत गेलेलं टीएलडी-१४३३ हे रुथेनियम संयुग ५२० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशावर चालवतात. हिरवा प्रकाश खोल जात नाही, हीच तिथे सोय आहे: गाठ वरच्या थरात, आणि खालचा स्नायू वाचवायचा.

सिंग्लेट ऑक्सिजन किती तयार होतो

डायफिनाइल आयसोबेंझोफ्युरान, म्हणजे डीपीबीएफ, ४१५ नॅनोमीटरच्या आसपास शोषतं आणि सिंग्लेट ऑक्सिजन मिळाला की रंग गमावतं. क्युव्हेटमध्ये, म्हणजे मोजमापाच्या पारदर्शक कुपीत, डीपीबीएफचं शोषण १ च्या जवळ ठेवा. तुमच्या संयुगाचं शोषण दिव्याच्या तरंगलांबीवर ०.१ ते ०.२ ठेवा. संदर्भासाठी दुसऱ्या क्युव्हेटमध्ये झिंक फ्थॅलोसायनिन घ्या. डीएमएसओत त्याची क्वांटम यील्ड, म्हणजे शोषलेल्या दर फोटॉनमागे तयार होणारा सिंग्लेट ऑक्सिजन, ०.६७ धरतात. दोन्हींचं द्रावक एकच हवं. दर पाच-दहा सेकंदांनी दिवा बंद करून वाचन घ्या आणि डीपीबीएफ १० ते १५ टक्के घटलं की थांबा. पुढे रेषा वाकते. तुमच्या उताराला संदर्भाच्या उताराने भागा. मग संदर्भाने शोषलेल्या प्रकाशाचा वाटा तुमच्या संयुगाच्या वाट्याने भागून त्याने गुणा आणि शेवटी ०.६७ ने गुणा. हा वाटा म्हणजे १ वजा १० चा उणे शोषण घात.

दोन कंट्रोल सोडू नका. संयुग न घालता फक्त डीपीबीएफवर तोच प्रकाश टाका. दिव्यात निळ्याचा अंश असेल तर डीपीबीएफ स्वतःच उडतं, म्हणून ५०० नॅनोमीटरखालचं सगळं अडवणारा फिल्टर लावा. दुसरा कंट्रोल: संयुग आणि डीपीबीएफ असलेल्या क्युव्हेटमधून पंधरा मिनिटं नायट्रोजन सोडा. उतार जवळपास शून्यावर यायला हवा. डीपीबीएफ मूलकांशीही, म्हणजे फ्री रॅडिकलशीही, भिडतं, त्यामुळे पहिल्या प्रकारच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन देवघेवीच्या मार्गाने काम करणारं संयुग इथे खोटं चमकू शकतं. आणि पाण्यात डीपीबीएफ वापरूच नका, ते विरघळत नाही. तिथे अँथ्रासिनचा पाण्यात विरघळणारा सापळा एबीडीए घ्या. १२७० नॅनोमीटरवर सिंग्लेट ऑक्सिजनची स्वतःची क्षीण चमक टिपणारा डिटेक्टर जवळच्या संस्थेत असेल, तर हा सगळा खटाटोप पडताळून घ्यावा.

यील्डचा आकडा ०.०५ आला तर पेशी खर्च करण्याआधी रेणूकडे परत या. तांब्याचं फ्थॅलोसायनिन केलं असेल तर उत्तर समोरच आहे: तांब्याचा एकटा इलेक्ट्रॉन ट्रिप्लेटचं आयुष्य कापतो. झिंक, ॲल्युमिनियम किंवा पॅलेडियम घाला. बोडिपी हे बोरॉनचं रंगद्रव्य असेल तर गाभ्यावर दोन आयोडीन बसवा. जड अणूमुळे रेणू ट्रिप्लेटमध्ये चटकन उतरतो. रुथेनियमच्या लिगंडवर थायोफिनची साखळी वाढवली की ट्रिप्लेट दीर्घायुषी होतो, टीएलडी-१४३३ मध्ये तीन थायोफिनं आहेत ती याचसाठी. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर श्रेय कशाला द्यायचं ते कळत नाही.

दिवा

पॉवर मीटरशिवाय हा प्रयोग करू नये. मोबाइलमधलं लक्स मोजणारं ॲप इथे निरुपयोगी आहे. लक्स हे माणसाच्या डोळ्याच्या मापाने मोजतात आणि ७०० नॅनोमीटरपलीकडे डोळ्याला जवळपास काहीच दिसत नाही. मीटरवर तरंगलांबी निवडायची कळ असते, ती तुमच्या एलईडीच्या आकड्यावर आणा. सिलिकॉन सेन्सरची संवेदनशीलता रंगागणिक बदलते. ५३२ वर ठेवून ६६० मोजलं तर वाचन चुकणारच.

सेन्सर पेशी जिथे असतील त्या उंचीला ठेवा आणि प्लेटचं झाकण लावणार असाल तर त्याखालून मोजा. चार कोपरे, चार कडा आणि मध्य अशा नऊ जागी वाचन घ्या. फरक १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर एलईडी आणि प्लेटमध्ये दुधी ॲक्रिलिक लावा किंवा अंतर वाढवा. एलईडी स्थिर-करंट ड्रायव्हरवर चालवा आणि मोजण्याआधी वीस मिनिटं तापू द्या. '६६०' छापलेल्या एलईडीचा खरा कळस ६५० ते ६७० मध्ये कुठेही असतो, म्हणून त्याचा वर्णपट एकदा स्पेक्ट्रोमीटरवर पाहून घ्या.

हिशोब सोपा आहे. चौरस सेंटिमीटरला १० मिलिवॅट या वेगाने १० ज्यूल द्यायचे तर १,००० सेकंद, म्हणजे १६ मिनिटं ४० सेकंद. तेच १० ज्यूल १०० मिलिवॅटने १०० सेकंदांत देऊन वेळ वाचवायचा मोह होतो. पण जोरात प्रकाश टाकला की पेशींजवळचा ऑक्सिजन भरून येण्याआधीच संपतो आणि तेवढ्याच ज्यूलमध्ये कमी पेशी मरतात. म्हणून ज्यूल आणि मिलिवॅट दोन्ही लिहा. एका वेलमध्ये, म्हणजे प्लेटच्या एका खळग्यात, तापमान मोजणारी थर्मोकपलची तार बुडवून पूर्ण वेळ तापमान पाहा. ते ३८ अंशांवर जात असेल तर पंखा लावा.

प्लेट

हेला, ए५४९ यांसारख्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशी पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्सच्या भांडारातून मिळतात. आल्या आल्या मायकोप्लाझ्मा या पेशींना लागणाऱ्या जिवाणूची तपासणी करून घ्या.

९६ वेलच्या प्लेटमध्ये कडेच्या सगळ्या वेल पीबीएस या क्षारद्रावणाने भरून सोडून द्या, तिथलं पाणी आधी उडतं. आतल्या ६० मध्ये काम करा: २ ते ९ या स्तंभांत आठ तीव्रता, १० मध्ये फक्त डीएमएसओ, ११ मध्ये पेशींविना औषध. बी ते डी या ओळी तुमच्या संयुगाला, ई ते जी ओळखीच्या संयुगाला. काळ्या भिंतीची, पारदर्शक तळाची प्लेट असेल तर शेजारच्या वेलमधला प्रकाश आत झिरपत नाही. वेलला ८,००० पेशी, १०० मायक्रोलिटर, रात्रभर.

अशा हुबेहूब दोन प्लेट: एक प्रकाशाची, एक अंधाराची. वरची तीव्रता ५० मायक्रोमोलर, मग दर वेळी तिसरा भाग. ही पातळ करण्याची साखळी आधी डीएमएसओतच करा आणि मग प्रत्येकातलं मीडियात २०० पट पातळ करा. म्हणजे सगळीकडे डीएमएसओ ०.५ टक्केच राहतो. हूडमधली ट्यूबलाइट बंद, खिडकीला पडदा, प्लेट फॉइलमध्ये. म्युनिकमध्ये १९०० च्या सुमारास ऑस्कर राब ॲक्रिडिन हा पदार्थ पॅरामिशियम या एकपेशीय जीवावर तपासत होता तेव्हा निकाल दर वेळी बदलत; खोलीतला उजेड बदलत होता. या शास्त्राचा जन्म त्या गोंधळातून झाला, पण आपल्याला तो पुन्हा घालायचं कारण नाही.

चार ते २४ तासांनी औषध काढा, पीबीएसने दोनदा धुवा आणि फिनॉल रेड हा रंग नसलेलं मीडिया घाला. धुणं टाळलं आणि प्रकाश वरून टाकला तर काय होतं ते आकड्यांत पाहा. १०० मायक्रोलिटर म्हणजे वेलमध्ये साधारण ३ मिलिमीटर उंची. शोषण-गुणांक एक लाख असेल तर ५० मायक्रोमोलर द्रावणाचं शोषण दीडच्या वर जातं आणि तळाच्या पेशींपर्यंत ३ टक्केच प्रकाश उतरतो. मग आलेखात वरच्या तीव्रतेला पेशी 'जगू' लागतात आणि लोक त्यावर सिद्धांत मांडतात.

पहिली प्लेट दिव्याखाली असताना दुसरीही फॉइलमध्ये गुंडाळून इनक्युबेटरच्या बाहेर तेवढाच वेळ बाजूला ठेवा. मग दोन्ही २४ ते ४८ तास आत.

एमटीटी (जिवंत पेशी ज्याचा रंग बदलतात तो पदार्थ) ५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, वेलला १० मायक्रोलिटर, तीन-चार तास. वरचं हळूच ओढून घ्या, १०० मायक्रोलिटर डीएमएसओ घाला, दहा मिनिटं हलवा, ५७० नॅनोमीटरला वाचा. पार्श्वभूमीसाठी ६९० वजा करण्याची सवय असते. तुमचं संयुगच तिथे शोषत असेल तर दुसरी तरंगलांबी निवडा. ११ वा स्तंभ ठेवला तो यासाठीच. एमटीटी पेशीचा चयापचय मोजतं, मृत्यू नव्हे, म्हणून एखाद्या तीव्रतेला वसाहती मोजण्याची चाचणीही करा.

प्रत्येक प्लेटचे आकडे तिच्याच डीएमएसओ स्तंभाच्या टक्क्यांत काढा. अंधारातल्या आयसी५० ला (निम्म्या पेशी मारणाऱ्या तीव्रतेला) प्रकाशातल्या आयसी५० ने भागलं की फोटोटॉक्सिक इंडेक्स मिळतो. अंधारात ५० मायक्रोमोलरपर्यंत पेशी निम्म्याने मेल्याच नाहीत आणि प्रकाशात आयसी५० ०.२ आली, तर '२५० पेक्षा जास्त' एवढंच लिहा. रेषा लांबवून हजाराचा आकडा काढणं ही फसवणूक आहे.

बिघाड कुठे शोधायचा

औषध न घातलेल्या वेलमध्ये प्रकाशाने पेशी मेल्या तर आधी थर्मोकपल पाहा, मग मीडिया. त्यातलं रायबोफ्लेविन हे जीवनसत्त्व आणि हेपीस हे बफर निळ्या प्रकाशात हायड्रोजन पेरॉक्साइड करतात. अंधाराची प्लेट मेली तर फॉइल, हूड आणि सूक्ष्मदर्शकाचा दिवा यांची चौकशी करा, औषधाला दोष नंतर द्या. एकाच बाजूचे स्तंभ जास्त मेले तर दिवा वाकडा आहे. काहीच मेलं नाही, तर औषध पेशीत गेलं का ते त्याच्या फ्लुओरेसन्सने बघा. गेलं असूनही काही होत नसेल तर पुन्हा पहिल्या वर्णपटाकडे जा.

सगळं नीट जमलं की कमी ऑक्सिजनमध्येही औषध चालतं का ते पाहायला तीच प्लेट १ ते २ टक्के ऑक्सिजनच्या कक्षात करा. मीडिया आदल्या रात्री उघड्या तबकात तिथेच ठेवून द्या, कारण बाहेरून आणलेल्या द्रवात विरघळलेला ऑक्सिजन तासन्‌तास रेंगाळतो. प्रकाशही कक्षाच्या काचेतूनच टाका आणि पॉवर मीटर आत ठेवून पुन्हा मोजा. काच आपला वाटा खातेच.