दुसऱ्याची पोस्ट वाचून स्वतःचा अनुभव लिहायला घेताना

ऑक्टोबर 2017 मध्ये अभिनेत्री अलिसा मिलानो यांनी ट्विटरवर आवाहन केलं : लैंगिक छळ सोसला असेल, तर उत्तरात फक्त 'मी टू' लिहा. अमेरिकेतल्या कार्यकर्त्या तराना बर्क हे शब्द लैंगिक अत्याचार सोसलेल्यांना आधार देण्यासाठी 2006 पासून वापरत होत्या. पुढच्या वर्षी भारतातही बायका लिहू लागल्या. दोनच शब्द पुरत होते आणि आधी लिहिणाऱ्या डोळ्यांसमोर होत्या, म्हणून अनेक वर्षांचं मौन सुटलं.

अशा पोस्टी वाचून तुम्हालाही लिहावंसं वाटलं, तर थेट फेसबुकच्या चौकटीत लिहू नका. कागद घ्या. वाचलेल्यातलं कोणतं वाक्य मनाला लागलं ते वर लिहा आणि त्याखाली त्यावरून आठवलेला एकच प्रसंग. कुठे, केव्हा, कोण काय बोललं, नंतर तुम्ही काय केलंत. अडीचशे-तीनशे शब्द भरपूर होतात. बहुतेकांचं लेखन प्रस्तावनेत फसतं : 'लिहू की नको' यातच चार ओळी जातात आणि फोनवर 'आणखी पहा'च्या वर तेवढंच दिसतं. म्हणून प्रसंगापासूनच सुरुवात करा. मग एक रात्र जाऊ द्या. सकाळी मोठ्यानं वाचा. जिथे आवाज अडखळतो, ती ओळ ठेवायची की नाही हे तुम्हीच ठरवा. कुणालाही सगळं सांगायला तुम्ही बांधील नाही.

छळ करणाऱ्या माणसाचं नाव घ्यायचं असेल, तर आधी वकिलाशी बोला. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली बदनामीला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पत्रकार प्रिया रमाणी यांनी माजी मंत्री एम. जे. अकबर यांच्यावर छळाचा आरोप केला, तेव्हा अकबर यांनी त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला. त्यातून त्या 17 फेब्रुवारी 2021 रोजी निर्दोष सुटल्या, आणि अनेक दशकांनंतरही स्त्री आपली व्यथा मांडू शकते हे दिल्लीच्या न्यायालयानं मान्य केलं. पण त्यासाठी त्यांना दोन वर्षांहून अधिक काळ खटला लढावा लागला. छळ कामाच्या ठिकाणी झाला असेल, तर अशा तक्रारी ऐकणाऱ्या तिथल्या अंतर्गत समितीकडे शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची असते. समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. पोस्ट टाकली म्हणजे तक्रार झाली, असं नाही. आणि तक्रार दिल्यावर तिच्यातला मजकूर जाहीर करायला कायद्यानं मनाई आहे.

जुन्या चॅटचे स्क्रीनशॉट तारखेसकट आधीच काढून ठेवा. पोस्ट झाल्यावर समोरचा माणूस आपले मेसेज पुसू शकतो.

पोस्ट कोणाला दिसेल ते टाकण्याआधी तपासा. मैत्रिणीला टॅग केलंत तर पोस्ट तिच्या मित्रयादीलाही दिसू शकते. दुरुस्ती केलीत तरी फेसबुकवर आधीचा मजकूर 'संपादन इतिहासा'त राहतो. पहिल्या दिवशीच्या कमेंट विश्वासातल्या कुणालातरी आधी वाचायला सांगा. घाणेरड्या कमेंट त्यांनी पोस्ट उघडून तुमच्यासाठी टिपून ठेवाव्यात, मग ब्लॉक करा.

इनबॉक्समध्ये इतर बायकांचे अनुभव येतील. ते कुणालाही पुढे पाठवू नका. लांब उत्तर सुचलं नाही तरी चालेल; 'वाचलं, तुझ्यावर विश्वास आहे' एवढं त्याच दिवशी कळवा.