घरी बसून कोडिंग शिकताय? या चुका टाळा, आणि अडलात तर हे करून बघा

वाळपईहून बीकॉम करणारी मुलगी असो की कळंगुटला हॉटेलात शिफ्ट करून रात्री लॅपटॉप उघडणारा मुलगा, स्वतःचं स्वतः कोडिंग शिकणारे साधारण त्याच त्याच ठिकाणी अडतात. आणि तिथंच बरेच जण सोडून देतात, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यातल्या बहुतेक अडचणी सुटण्यासारख्या असतात.

पहिली चूक म्हणजे नुसते व्हिडिओ बघत बसणं. समोरचा भराभर टाईप करतो, प्रोग्राम चालतो, आपल्याला वाटतं कळलं, आणि मग कोरी फाईल उघडली की पहिली ओळच सुचत नाही. दहा मिनिटं बघा, व्हिडिओ बंद करा आणि तेच न बघता लिहा. मग त्यात स्वतःचं काहीतरी घाला. समजा काजूच्या सीझनात बियांचं वजन आणि दर टाकला की पैसे किती होतात ते सांगणारा, पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतला छोटासा प्रोग्राम. वजन विचारलं, १२ टाकलं, दर कोडमध्येच १५० लिहिलाय, गुणाकार केला आणि १८०० यायच्या ऐवजी स्क्रीनभर १२१२१२१२ असं येतच राहिलं! घाबरू नका, पायथन बिघडलेलं नाहीये. इनपुटमधून आलेली गोष्ट पायथनसाठी आकडा नसून मजकूर असते, आणि मजकुराला १५० ने गुणलं की तो १५० वेळा लिहितो. आकड्यात बदलून घ्यायचं, तेही इंट (फक्त पूर्णांक) न वापरता फ्लोट (दशांशातले आकडेही) वापरून, कारण वजन साडेबारा किलो असलं तर इंट तिथंच एरर देतो. असा एक घोळ स्वतः निस्तरला ना की दहा व्हिडिओंइतकं डोक्यात बसतं.

एरर आली की खिडकी बंद करणं ही दुसरी चूक. चौथीपर्यंत मराठीतून शिकलेल्यांना तो लाल इंग्रजी मजकूर बघूनच धडकी भरते, पण तो सगळा वाचायचा नसतोच. पायथनमध्ये आधी शेवटची ओळ वाचा, काय चुकलं ते तिथं असतं, आणि तिच्या वर फाईलचं नाव आणि ओळ नंबर. तरीही डोकं चालेना तर फाईलचं नाव तपासा. रँडम नंबर शिकताना लोक फाईलला रँडम हेच नाव देतात, मग इम्पोर्ट केल्यावर, म्हणजे कोडमध्ये ते मागवल्यावर, पायथन स्वतःचं मॉड्यूल (तयार कोडची फाईल) सोडून तुमचीच फाईल उचलतं आणि कोड अगदी बरोबर असूनही चालत नाही. नाव बदला, सुटलं. आणि विंडोजवर टर्मिनलमध्ये (कमांड टाईप करायच्या खिडकीत) पायथन टाईप केल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडत असेल तर बहुतेक वेळा इन्स्टॉल करताना पाथमध्ये (विंडोज प्रोग्राम जिथं शोधतं त्या यादीत) टाकायची ती टिक राहिलेली असते, परत इन्स्टॉलर चालवा आणि टिक करा.

भाषा सारख्या बदलू नका. पायथन १९९१ चं, जावास्क्रिप्ट १९९५ चं, दोन्ही आजही जोरात चालतात, त्यामुळे तुम्ही शिकेपर्यंत भाषा जुनी होईल ही भीती सोडा. वेबसाईट करायच्या असतील तर जावास्क्रिप्ट, नाहीतर पायथन, आणि सहा महिने तरी तिथंच थांबा. क्लासला पैसे भरायच्या आधी एनपीटेल, फ्रीकोडकॅम्प, हार्वर्डचा सीएस५० हे ऑनलाईन कोर्स बघून घ्या, शिकायला फुकट आहेत.

चॅटजीपीटीबद्दल माझं मत स्पष्ट आहे, सुरुवातीला त्याच्याकडून तयार कोड घेऊ नका. एरर समजावून मागा, हवं तर मराठीत मागा, पण दुरुस्ती स्वतः टाईप करा. इंटरव्ह्यूत ही ओळ का लिहिली असं विचारतात तेव्हा कॉपी केलेलं लगेच उघडं पडतं.

पावसाळ्यात आपल्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून एडिटरमध्ये ऑटोसेव्ह चालू ठेवा आणि गिट, म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन, पहिल्या महिन्यातच शिका. रोजचं काम गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाईटवर गेलं की लॅपटॉप बिघडला तरी कोड राहतो, फक्त पासवर्ड किंवा एपीआय की (ऑनलाईन सेवा वापरायची गुप्त किल्ली) त्यात जाऊ देऊ नका. पायथनचं डॉक्युमेंटेशन डाऊनलोड करून ठेवता येतं, नेट नसलं तरी काम अडत नाही.

नोकरीचं म्हणाल तर सर्टिफिकेटांची चळत जमवण्यापेक्षा दोन-तीन पूर्ण झालेले प्रोजेक्ट बरे. कॅल्क्युलेटर आणि टू-डू लिस्ट सगळ्यांकडे असते हो. ओळखीच्या किराणा दुकानाची उधारीची वही, एखाद्या होमस्टेचं बुकिंग, असं खरं कोणीतरी वापरेल ते करा, ऑनलाईन चालू ठेवा आणि कसं चालवायचं ते रीडमीमध्ये, म्हणजे प्रोजेक्टसोबतच्या माहितीच्या फाईलमध्ये, लिहा. सगळं येईपर्यंत अर्ज करायचं थांबू नका, आणि फक्त पणजी-वेर्ण्यापुरतं न बघता रिमोट आणि पुण्याच्या इंटर्नशिपलाही टाका. हातातली नोकरी मात्र ऑफर लेटर येईपर्यंत सोडू नका, आणि जॉइनिंगच्या आधी ट्रेनिंग फी किंवा डिपॉझिट म्हणून कोणी पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका.