लॉ स्कूलला नंबर लागेल का? अर्जाआधी करायचा हिशेब

अमेरिकेत कायद्याची पदवी, म्हणजे जेडी, साधारणपणे चार वर्षांच्या पहिल्या पदवीनंतर करतात. त्यामुळे कॉलेजच्या तिसऱ्या वर्षात विद्यार्थ्याला आणि घरच्यांना एकच प्रश्न पडतो: नंबर लागेल का? ओळखीतल्या कुणाला कुठे प्रवेश मिळाला, यावरून याचं उत्तर काढू नका. आकडे उघड असतात, ते काढून बसा.

अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेची मान्यता असलेल्या प्रत्येक लॉ स्कूलला दरवर्षी डिसेंबरात 'स्टँडर्ड 509' हा अहवाल जाहीर करावा लागतो. त्यात नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्यांच्या एलसॅट (लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा) आणि जीपीए (कॉलेजच्या ग्रेडची सरासरी) यांचे 25, 50 आणि 75 पर्सेंटाइलचे आकडे असतात. त्यातला 50चा आकडा म्हणजे मध्यक, आणि स्कूल जिवापाड जपतं ते हा मध्यक, कारण लॉ स्कूलांच्या क्रमवारीत तो धरला जातो. तुमचे दोन्ही आकडे मध्यकाच्या वर असतील तर संधी चांगली. दोन्ही 25च्या खाली असतील तर बाकीचा अर्ज कितीही सुंदर असला तरी अवघड. एक वर आणि एक खाली असेल, उदाहरणार्थ एलसॅटचा मध्यक 162 असताना तुमचे 164, पण जीपीए 25 पर्सेंटाइलच्याही खाली, तर तुम्ही 'स्प्लिटर'. अशांचा अंदाज सर्वात कमी लागतो, म्हणून त्यांनी जास्त ठिकाणी अर्ज करावेत.

आता स्वतःचा जीपीए नीट काढा. ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे कॉलेजच्या गुणपत्रिकेवर, दिसतो तो आकडा इथे चालत नाही. अर्ज गोळा करणारी संस्था एलसॅक आपल्या पद्धतीने नवा जीपीए काढते. त्यात ए प्लसला 4.33, एला 4.00, ए मायनसला 3.67 मिळतात. पहिली पदवी मिळण्याआधी घेतलेले सगळे कॉलेज-पातळीचे क्रेडिट त्यात येतात, अगदी हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजात केलेलेसुद्धा. बरेच जण इथेच फसतात. एखादा विषय पुन्हा देऊन सी पुसला असं वाटतं, पण ट्रान्स्क्रिप्टवर दोन्ही ग्रेड आणि क्रेडिट दिसत असतील तर दोन्ही धरले जातात. पदवीनंतरच्या कोर्सने मात्र हा आकडा हलत नाही.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी जीपीए किती हलू शकतो, हेही आधीच बघा. 120 क्रेडिटपैकी 90 झाले आहेत आणि जीपीए 3.3 आहे असं समजा. उरलेल्या 30 क्रेडिटमध्ये सगळीकडे ए मिळाला तरी शेवट 3.475 वर होतो. म्हणून पहिल्या-दुसऱ्या वर्षात असाल तर जीपीए सांभाळा, चौथ्यात असाल तर सगळा जोर एलसॅटवर लावा. विषय कोणता घेतला याची चिंता नको. बार असोसिएशन कुठल्याही ठरावीक विषयाची शिफारस करत नाही.

एलसॅट 120 ते 180 या पट्टीवर मोजतात. 35 मिनिटांचे चार भाग असतात: तर्काचे दोन, वाचन-आकलनाचा एक, आणि एक न मोजला जाणारा, पण तो कोणता हे तुम्हाला कळत नाही. ऑगस्ट 2024 पासून कोड्यांचा भाग, ज्याला लॉजिक गेम्स म्हणत, तो गेला. जुने सराव-संच वापरत असाल तर तो भाग सोडून द्या. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवू नका. लेखनाचा भाग वेगळा द्यावा लागतो. तो राहिला तर पहिला निकाल अडकून पडतो.

चालू पाच वर्षांच्या काळात पाचदा आणि आयुष्यात सातदा परीक्षा देता येते. स्कूल आपल्या अहवालात तुमचा सर्वात चांगला गुण धरतं, म्हणून पुन्हा बसणं सहसा फायद्याचं. तुम्ही मध्यकाच्या एकच गुण खाली असाल तर तो एक गुण अर्जातल्या निबंधाच्या दहा खर्ड्यांपेक्षा मोलाचा आहे. मात्र वेळ लावून केलेल्या सराव-चाचण्यांत गुण वाढलेले दिसत नसतील तर नुसतंच पुन्हा बसून उपयोग नाही. आधी चुका तपासा: प्रश्न समजला नाही, की वेळ संपला?

अर्ज साधारण सप्टेंबरात उघडतात आणि बहुतेक ठिकाणी जसे येतात तसे वाचले जातात. नोव्हेंबरपर्यंत पाठवलेला बरा. उशिरा जागा आणि शिष्यवृत्तीचे पैसे दोन्ही आटतात. शिफारसपत्रं शिकवलेल्या प्राध्यापकांकडून घ्या. पद मोठं, पण तुम्हाला धड न ओळखणाऱ्या माणसाचं पत्र पोकळ वाटतं. आजारपणासारख्या कारणाने एखादं सत्र बिघडलं असेल तर वेगळ्या पानावर चार-पाच ओळींत सांगा, निबंधात रडगाणं नको. कॉलेजात शिस्तभंगाची कारवाई झाली असेल आणि अर्जात विचारलं असेल तर लपवू नका. वकिलीचा परवाना घेताना हाच अर्ज पुन्हा तपासला जातो.

भारतातून पदवी घेतलेल्यांचा जीपीए एलसॅक काढत नाही, फक्त गुणपत्रिकांचं मूल्यमापन करून देते. त्यामुळे तो मध्यकात मोजला जात नाही आणि एलसॅटचं वजन आणखी वाढतं.

'अर्ली डिसिजन'ने, म्हणजे एकाच स्कूलला आधीच शब्द देऊन, बांधून घेण्याआधी पैशांचा विचार करा. तिथे होकार आला की बाकीचे अर्ज मागे घ्यावे लागतात, आणि शिष्यवृत्तीसाठी घासाघीस करायला हातात काहीच उरत नाही. शिष्यवृत्ती मिळाली तरी ती सशर्त आहे का, हे विचारा. वर्गात ग्रेड एकमेकांच्या तुलनेत देतात, म्हणून साधी दिसणारी ठरावीक ग्रेडची अटही सगळ्यांना एकदम पाळता येत नाही. किती जणांची शिष्यवृत्ती कमी झाली किंवा गेली, याचा तक्ता त्याच 509 अहवालासोबत असतो. जागा राखायचे पैसे भरण्याआधी तो उघडून बघा.