खोल समुद्रातल्या गोगलगायीला नाव देण्याआधी

आधी नमुन्याच्या बरणीतली चिठ्ठी पाहा. जाळं कुठे टाकलं, किती खोलीपासून किती खोलीपर्यंत ओढलं आणि तारीख काय, हे पेन्सिलीने जलरोधक कागदावर लिहून बरणीच्या आत टाकलेलं हवं. बाहेर चिकटवलेल्या चिठ्ठीवरची शाई अल्कोहोलने पुसली जाते. शंख जिवंत प्राण्यासकट मिळाला की रिकामा, हेही तिथेच लिहा. रिकामा शंख उथळ पाण्यातून घरंगळत किंवा साधू खेकड्याबरोबर आलेला असू शकतो, म्हणून त्याच्यावरून जातीची खोली ठरवू नये.

प्राणी जिवंत असेल तर फोटो आधीच काढा, कारण अल्कोहोलमध्ये रंग उडतात. मग डीएनएसाठी ऊतक. इथेच बरेच नमुने वाया जातात. गोगलगाय आत ओढली जाते, झाकण घट्ट बसतं, अल्कोहोल आत शिरतच नाही आणि मांस कुजतं. म्हणून मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणात तिला सैल होऊ द्या, किंवा शंखाचे फोटो झाल्यावर त्याला छोटं भोक पाडा. पायाचा तुकडा ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र इथेनॉलमध्ये. फॉर्मलिन मुळीच नको: डीएनए खराब होतो आणि आम्लामुळे शंखही झिजतो.

शंखाचे फोटो तोंडाकडून, पाठीकडून आणि बाजूने, शेजारी मोजपट्टी ठेवून. झाकण फेकू नका. सर्वांत जास्त वेळ टोकावरच्या इवल्याशा प्रोटोकाँकवर, म्हणजे अळी असतानाच्या शंखावर, घालवावा. वेटोळी अनेक आणि बारीक असतील तर अळी पाण्यात तरंगत, खात वाढलेली असते; एक-दोनच फुगीर वेटोळी असतील तर ती अंड्यातल्या बलकावर वाढलेली. खोल पाण्यातल्या प्रौढ शंखांचं हे टोक पुष्कळदा झिजलेलं असतं, तेव्हा लहान वयाचे नमुनेही हाताशी ठेवा.

रॅड्युला, म्हणजे तोंडातली दातेरी पट्टी, काढून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची तयारी हवी. कोनॉइडिया गटात, म्हणजे कोन शंख आणि त्यांच्या नातलगांत, नुसत्या शंखावर विसंबणं मला धाडसाचं वाटतं. टुरिडी हे एकेकाळचं अवाढव्य कुल पुढे कितीतरी कुलांत विभागावं लागलं, ते दात आणि डीएनए पाहूनच.

रंगावर तर जाऊच नका. हिंदी महासागरातल्या तळाच्या उष्ण झऱ्यांवरची क्रायसोमॅलॉन स्क्वॅमिफेरम ही गोगलगाय काइरेई नावाच्या झऱ्यांवर लोहाच्या सल्फाइडमुळे काळी दिसते, सॉलिटेअर नावाच्या झऱ्यांवर पांढरी. जात मात्र एकच. ती २००१ साली सापडली, रीतसर वर्णन २०१५ मध्ये झालं.

सीओआय या जाती ओळखायला वापरल्या जाणाऱ्या जनुकाचा डीएनए-क्रम जुन्या नोंदींशी ताडून बघा, पण जुळला नाही म्हणजे जात नवी असं नव्हे. जवळच्या जातीचा क्रम अजून कुणी नोंदवलाच नसेल. मोलस्काबेस या मृदुकाय प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन सूचीत त्या प्रजातीतली (जीनसमधली) सगळी नावं, रद्द झालेलीसुद्धा, चाळून मूळ वर्णनं काढा आणि शक्य तिथे होलोटाइपचे, म्हणजे ज्या एका नमुन्यावर नाव आधारलेलं असतं त्याचे, फोटो मागवा. एवढ्यानंतरही वेगळेपण टिकलं तरच आपला होलोटाइप संग्रहालयात जमा करून त्याचा क्रमांक घ्या. वर्णन केवळ ऑनलाइन छापलं जाणार असेल तर त्याआधी झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत नोंदवहीत नोंद हवी, नाहीतर नाव ग्राह्य धरलं जात नाही.