बीपीने धमन्या कडक होतायत का ते घरी कसं ओळखायचं आणि मग काय करायचं

बीपी मोजलं की आपण दोन आकडे वेगवेगळे बघतो, पण त्यांच्यातला फरकही बघा, धमन्या किती लवचिक राहिल्यात याचा अंदाज त्यातून येतो.

आधी नीट मोजा. लघवीला जाऊन या, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून 5 मिनिटं शांत बसा, पट्टा उघड्या दंडावर आणि छातीच्या लेव्हलला हवा, बोलायचं नाही. सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री, दोन-दोन रीडिंग, 7 दिवस वहीत लिहा. पहिला दिवस सोडून सरासरी काढा, 135/85 किंवा जास्त आली तर डॉक्टरांना दाखवा.

मग वरच्यातून खालचा वजा करा. 120/80 म्हणजे फरक 40, ठीक आहे. पण साठीनंतर 160/80 येतं, म्हणजे फरक 80, आणि घरचे म्हणतात खालचा तर नॉर्मल आहे ना, अहो तिथेच तर चुकतं! हृदयातून निघणारी महाधमनी प्रत्येक ठोक्याला फुगते आणि परत आवळून रक्त पुढे ढकलते, हे होतं तिच्या भिंतीतल्या इलास्टिनमुळे, म्हणजे रबरासारख्या ताणणाऱ्या तंतूंमुळे. वर्षानुवर्षं जास्त प्रेशर सोसून हे इलास्टिन तुटत जातं, मोठेपणी शरीर ते नव्याने फारसं बनवत नाही, मग सगळा ताण कोलॅजनवर, म्हणजे भिंतीतल्या कडक तंतूंवर येतो आणि ते तर फारसं ताणलंच जात नाही. म्हणून वरचा चढतो, खालचा उतरतो. फरक 60 च्या वर राहत असेल तर वही घेऊनच डॉक्टरांकडे जा.

गोळी सुरू झाली की भिंतीवरचा ताण लवकर उतरतो, पण भिंत स्वतः सुधारायला महिने, वर्षं लागतात, म्हणून आकडे चांगले आले की गोळी बंद हे कृपा करून करू नका. रामिप्रिल, टेल्मिसार्टन, अम्लोडिपिन या बीपीच्या गोळ्यांच्या गटांचा धमन्यांना चांगला फायदा दिसतो. अटेनोलॉल हे बीपीचंच औषध दंडावरचा आकडा उतरवतं पण हृदयाजवळचं प्रेशर तितकं नाही, तरी ते मनाने सोडायचं नाही, अचानक बंद केलं तर हृदयाला धोका असतो.

मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, आठवड्याला 150 मिनिटं भरभर चालणं, सिगारेट बंद.

आणि वयस्कर माणसाचं बीपी उभं राहिल्यावर 1 आणि 3 मिनिटांनी पण मोजा, वरचा 20 किंवा जास्त पडला तर डॉक्टरांना सांगा, डोस बदलावा लागू शकतो.