जर्मन जोडीदाराच्या देशात डॉक्टरकी : इंदूरहून निघण्यापूर्वीची तयारी

जर्मन नागरिकाशी लग्न झालेल्या भारतीय डॉक्टरला तिकडे राहण्याचा परवाना मिळतो आणि त्याच परवान्यावर नोकरीही करता येते. परंतु रुग्ण तपासण्याचा अधिकार त्याने मिळत नाही. त्यासाठी ‘आप्रोबात्सिओन’, म्हणजे वैद्यकीय व्यवसायाचा कायमचा परवाना, स्वतंत्रपणे मिळवावा लागतो. इंदूरच्या एमजीएम मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस झाल्यावर मी पतीच्या देशात गेले, तेव्हा जावईच तिथले म्हटल्यावर निम्मे काम झाले, अशी घरच्यांची आणि माझीही समजूत होती. ती दूर व्हायला एक वर्ष गेले, आणि ते वर्ष इतरांचे जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

सर्वांत आधी राज्य ठरवावे. जर्मनीत १६ राज्ये आहेत आणि परवाना राज्याचे प्राधिकरण देते; कागदांची यादी आणि परीक्षेच्या तारखेसाठीची प्रतीक्षा राज्यागणिक बदलते. सासर आहे तेच राज्य धरायचे की पतीची नोकरी आहे ते, हे दोघांनी बसून ठरवावे आणि मगच कागदांच्या जर्मन भाषांतरांवर पैसे खर्च करावेत.

कागदपत्रांत पदवी, सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, इंटर्नशिपचा दाखला, भोपाळच्या मध्यप्रदेश मेडिकल कौन्सिलची नोंदणी आणि ‘गुड स्टँडिंग’, म्हणजे डॉक्टरवर शिस्तभंगाची कारवाई नसल्याचे, प्रमाणपत्र हे मुख्य. पदवी देवी अहिल्या विद्यापीठाची असो वा जबलपूरच्या आयुर्विज्ञान विद्यापीठाची, विषयवार तासांसह अभ्यासक्रमाची सही-शिक्क्याची प्रत इंदुरात असतानाच काढून घ्यावी. तिकडे गेल्यावर त्यासाठी वडिलांना कार्यालयाच्या खेपा घालाव्या लागतात. गुड स्टँडिंग मात्र सर्वांत शेवटी मागवावे, कारण ते सहसा तीन महिन्यांपेक्षा जुने चालत नाही. मी ते सर्वांत आधी मागवले, आणि शपथबद्ध भाषांतरकाराकडून बाकीची भाषांतरे हाती येईपर्यंत त्याची मुदत संपून गेली होती. लग्नानंतर लगेच आडनावही बदलू नये. गुणपत्रिकेवर माहेरचे नाव आणि पासपोर्टवर सासरचे, असे झाले की प्रत्येक अर्जासोबत खुलासा जोडत बसावे लागते. जर्मन कायद्यात पती-पत्नींना आपापले आडनाव ठेवता येते.

खरा वेळ भाषेला द्यावा लागतो. पती-पत्नी व्हिसासाठी साधारणपणे जर्मनची ए-१ ही प्राथमिक पातळी पुरते, परवान्यासाठी मात्र बी-२ या वरच्या मध्यम पातळीचे प्रमाणपत्र आणि त्यावर वैद्यकीय भाषेची सी-१ या प्रगत पातळीची परीक्षा, ‘फाखश्प्राखप्र्युफुंग’, द्यावी लागते. ही परीक्षा बहुतेक राज्यांत तेथील डॉक्टरांचे मंडळ घेते. तिचे वीस-वीस मिनिटांचे तीन भाग असतात: रुग्णाशी संभाषण, अहवालाचे लेखन आणि वरिष्ठ डॉक्टरांपुढे रुग्णाची मांडणी. इंदूरच्या एमवाय रुग्णालयाच्या ओपीडीत रुग्ण ‘शुगर आहे’ म्हणतो आणि आपण केसपेपरवर डायबिटीस लिहितो, तशीच दोन भाषांची अदलाबदल येथे तपासली जाते. जर्मन रुग्णही मधुमेहाला साखरेचाच आजार म्हणतो. अपेंडिक्सच्या दाहाला तो ‘ब्लिन्डडार्म-एन्टत्स्युन्डुंग’ म्हणतो, आणि तोच शब्द त्याच्याशी बोलताना वापरून वरिष्ठांपुढे मात्र ‘आपेन्डित्सीटिस’ म्हणावे लागते. दुखण्याचे शब्द तर वेगळे पाठ करावेत. ठणका, कळ, चमक, आग हा फरक आपल्याला आईच्या बोलण्यातून कळलेला असतो. तिकडे टोचणारे ‘श्टेखेन्ड’, दाबल्यासारखे ‘ड्र्युकेन्ड’, ओढ लागल्यासारखे ‘त्सीयेन्ड’ आणि जळजळणारे ‘ब्रेनेन्ड’ हे वेगळे ओळखता आले नाहीत, तर आजाराचा इतिहास चुकतो आणि निदानही. माझे पती रोज रात्री जेवणानंतर रुग्ण होऊन बसत आणि मी वीस मिनिटांत इतिहास घेई. जोडीदार तिथला असण्याचा सर्वांत मोठा उपयोग मला हाच झाला. मात्र घरात दोघे इंग्रजीत बोलत राहिलात, तर तो होणार नाही.

भारतीय एमबीबीएस जर्मन वैद्यकीय शिक्षणाशी समतुल्य ठरली नाही, तर ‘केंटनिसप्र्युफुंग’ ही ज्ञानपरीक्षा द्यावी लागते. ती तोंडी आणि प्रात्यक्षिक असून साठ ते नव्वद मिनिटे चालते. भर मेडिसिन आणि सर्जरीवर असतो, शिवाय आणीबाणीचे उपचार, औषधशास्त्र आणि किरणोत्सर्गापासूनचे संरक्षणही विचारतात. नापास झाल्यास ती आणखी दोनदा देता येते. म्हणून इंटर्नशिप संपल्यावर मेडिसिन विसरण्याइतका खंड पडू देऊ नये. भाषेचा वर्ग सांभाळून वॉर्डातली नोकरी चालू ठेवावी.

भाषेची परीक्षा झाल्यावर आणि ज्ञानपरीक्षेच्या आधी तात्पुरता परवाना मिळू शकतो. तो सहसा कमाल दोन वर्षांचा असतो आणि त्याच राज्यापुरता चालतो. त्यावर नोकरी शोधताना मोठ्या शहराचा हट्ट धरू नये, असे माझे मत आहे, कारण लहान रुग्णालयात नवख्या डॉक्टरकडे लक्ष द्यायला वरिष्ठांना अधिक वेळ मिळतो. माझी पहिली नोकरी आमच्या घरापासून ऐंशी किलोमीटरवरच्या रुग्णालयात होती, आणि तात्पुरता परवाना होता तोवर आम्ही दोन घरे चालवली.